बोडस सर नळाशी कसे पोचले

बोडस सरांनी पेन्सिलीने माझ्या तक्त्यातल्या दुसऱ्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत लांबलचक फुली मारली, पेन्सिल कानामागे खोचली आणि मला विचारलं, "आज आमच्याकडे खिरापतीला काय आहे, तुला काही कळलंय का?"

मी नाही म्हटलं. ज्या रकान्यापायी मी सात महिने संगणकासमोर बसून पाठ धरून घेतली होती, त्याचा माझ्या डोळ्यांदेखत निकाल लागला होता आणि सरांना खिरापतीची पडली होती.

"मलाही नाही कळलेलं," सर म्हणाले. "हिला विचारलं तर म्हणते, ओळखा. आता हातात माहिती काही नसताना मी कसं ओळखणार?"

सर कधीच ओळखत नसत. नवरात्रात प्राध्यापकांच्या वसाहतीत रोज एकेका घरी भोंडला असे. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती बायकांनी फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी डबा खुळखुळवून विचारायचं, आत काय आहे ते ओळखा. ओळखल्याशिवाय खिरापत नाही. सरांच्या घरचा भोंडला अष्टमीला असायचा. लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी यांनी एकदाही अंदाज म्हणून केला नाही, असं काकू ज्याला त्याला सांगत. "माहिती अपुरी आहे," एवढंच म्हणून सर हात पुढे करत आणि काकू कंटाळून वाटी देऊन टाकत.

मी भौतिकशास्त्र विभागात त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. माझा विषय सांगितला की लोक घाईने हवापाण्याकडे वळत, म्हणून थोडक्यात सांगते. प्लाझ्मा म्हणजे विजेचा भार असलेल्या कणांची गर्दी. एरवी त्यात कण ऐसपैस असतात. आम्ही घेतला होता तो प्लाझ्मा दाट, त्यातले कण एकमेकांत इतके गुंतलेले की एकाला कोपर लागलं तर दहा जण हलणार. अशा गर्दीत एखादा वेगवान कण घुसला की तो धक्के खात मंदावतो, त्याची ऊर्जा जाते. या सगळ्याला चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की गर्दीतले कण गरागरा फिरायला लागतात. मग घुसलेल्या कणाची ऊर्जा किती जाते आणि कशी जाते, हे काढायचं माझं काम होतं. खरा प्लाझ्मा आमच्या विद्यापीठाच्या माळावर कुठून येणार? पाच जुने संगणक तारांनी एकमेकांना जोडून आम्ही त्यांच्या पोटात वीस हजार कण मानून चालत होतो.

माझ्या तक्त्यात दोन रकाने होते. पहिला, कण किती मंदावला. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दुसरा, कण आडवा किती ढकलला गेला. तिथे सर म्हणत होते की शून्य यायला हवं, आणि माझं शून्य येत नव्हतं.

"मॅग्नेटिक फील्डमध्ये चार्ज वळणारच," सर म्हणाले. "बारावीतल्या पोराला येतं हे. ते वळण तू वजा करायला विसरलीस."

"वजा केलंय सर."

"मग चुकीचं वजा केलंयस."

मी ती वजाबाकी तीनदा तपासली होती. चौथ्यांदा तपासायला आता दिवस उरले नव्हते. मंगळवारी अकरा वाजता समिती बसणार होती आणि माझ्या नोंदणीची मुदत आधीच दोनदा वाढवून झाली होती. समितीवर बाहेरून येणार होत्या डॉ. मंदाकिनी इनामदार. आदल्या वर्षी आमच्या एका मुलाच्या प्रबंधात त्यांना एक चिन्ह चुकलेलं सापडलं, तो मुलगा आता मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होता. दुसरा रकाना ठेवला आणि तो चूक निघाला तर मी गडहिंग्लजला काकांच्या बी-बियाणांच्या दुकानात भुईमूग मोजणार. रकाना काढला तर उरलेलं काम इतकं साधं, की तीन वर्षं काय केलंस असं विचारतील. आणि खरं सांगायचं तर मला तो रकाना आवडत होता. रोज सकाळी आधी मी तोच बघायची.

सर वाईट नव्हते. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली एक पिवळं पडलेलं पत्र होतं, दोनच ओळींचं. सर तिशीचे असताना त्यांचा एक निबंध बाहेरच्या नियतकालिकात छापून आला होता. त्यातलं एक चिन्ह उलटं आहे, सबब निष्कर्षही उलटा आहे, असं कुणीतरी कळवलं होतं. एका परिषदेत त्यावरून सभागृह हसलं, असं जुने लोक सांगत. तेव्हापासून सर काही नवीन दिसलं की आधी पेन्सिल काढत.

"आडवा रकाना काढ," त्यांनी शेवटचं सांगितलं. "आणि सहा वाजता भोंडल्याला ये. हिने बजावून सांगितलंय."

मी जाणार नव्हते. पण पावणेसहाला हौसामावशी वसतिगृहाच्या खोलीत येऊन उभी राहिली. हौसामावशी आमच्या विभागातली शिपाई. वय पन्नास, नऊवारी, आणि बोलायला लागली की कुलगुरूंनाही गप्प बसावं लागे. तिला मी सगळं सांगितलं. रकाना काय असतो ते तिने विचारलं नाही.

"रडायचं हाय ते उद्या रड," ती म्हणाली. "आज अष्टमी हाय. चल, चप्पल घाल."

सरांच्या घरासमोर छोटं मैदान होतं. घराच्या पायरीवरून सरळ समोर बघितलं की दुसऱ्या टोकाला हत्तीचा पाट. डावीकडे बागेचा नळ, त्याच्याखाली कायमचा चिखल. उजवीकडे सरांची स्कूटर. आम्ही पोचलो तेव्हा गाणी संपत आली होती आणि मग फुगड्या सुरू झाल्या. फुगड्या हा हौसामावशीचा प्रांत. तिने नऊ-दहा जोड्या लावल्या, अगदी खेटून, कारण जागाच तेवढी.

"समद्यांनी एकाच अंगानं फिरायचं," तिने बजावलं. "घड्याळ फिरतंय तसं. एक जरी उलटी फिरली तर कोपरं फुटतील."

मला तिने स्वतःच्या वाट्याला घेतलं. तिच्या फुगडीत हात दिला की तो आपला राहत नाही. माझी वेणी सुटली, ओढणी कुणाच्या तरी खांद्यावर गेली आणि दुपारची फुली, मंगळवार, इनामदार मॅडम, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. मी हसायला लागले. का, ते मला अजूनही सांगता येणार नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसत होते एवढं खरं.

त्या वेळी काकूंनी आतून हाक मारून सरांना डबा पाटाशी नेऊन ठेवायला सांगितलं. सर पायरीवर आले. जाड्या शरीराचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानामागे पेन्सिल, छातीशी पितळी डबा. त्यांनी समोरच्या पाटाकडे बघितलं, मान खाली घातली आणि सरळ चालायला लागले. बाजूने वळसा घालावा असं त्यांना सुचलं नाही. दोन बिंदूंमधलं सर्वात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हा त्यांचा स्वभावच होता.

पहिल्या जोडीने त्यांना धक्का दिला. "अहो," सर म्हणाले. दुसरीने दिला. "सांभाळा." एका जोडीला ते लागले की ती पलीकडच्या जोडीवर जाई, ती तिच्या पलीकडच्या. सगळी गर्दी हलत होती आणि मधून सरांचं टक्कल वर-खाली होत पुढे सरकत होतं. शेवटी ते बाहेर पडले तेव्हा पाटाशी नव्हते. नळाशी होते. उजवा पाय चिखलात, डबा डोक्यावर.

सगळ्या बायका हसत सुटल्या. काकू म्हणाल्या, "अहो, पाट तिकडे आहे."

सरांनी पाटाकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. "मी सरळच चालत होतो," ते म्हणाले.

आमची फुगडी थांबली होती. पण माझ्या डोळ्यांपुढून घर, नळ, स्कूटर, सर, पुन्हा घर असं सगळं फिरत होतं. मी पोट धरून हसत होते. आणि हसता हसता मी सरांपुढे जाऊन उभी राहिले.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही सरळ चालत होतात?"

"तेच सांगतोय."

"तुम्ही फुगडी खेळत नव्हतात."

"मी कशाला फुगडी खेळू?"

"तेच म्हणते सर. तुम्ही फिरत नव्हतात. या सगळ्या फिरत होत्या. तुम्हाला वळवणारं काही नव्हतं, वजा करण्यासारखंही काही नव्हतं, तरी तुम्ही नळावर गेलात."

सर चिखलातला पाय तसाच ठेवून उभे राहिले. मग त्यांनी डबा डोक्यावरून खाली घेतला आणि कानामागची पेन्सिल काढली. आता यावरही फुली मारणार, असं मला वाटलं.

"पुन्हा," सर म्हणाले.

"काय पुन्हा?" काकूंनी विचारलं.

"सगळं पुन्हा. एका निरीक्षणाने काही सिद्ध होत नाही. जोड्या लावा."

डबा तरी ठेवा, असं काकू म्हणाल्या. तर डबा हवाच, परिस्थिती होती तशीच हवी, असं सरांचं उत्तर. ते पायरीवर परत गेले. हौसामावशीने पदर खोचून जोड्या लावल्या. बायकांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण सरांना धक्के मारायची संधी काही रोज येत नाही. दुसऱ्या वेळी सर नळाशी निघाले. तिसऱ्या वेळीही नळाशी, आणि त्या वेळी डाव्या पायाची चप्पल चिखलातच राहिली. सरांनी शिल्लक रांगोळी मागवून घेतली आणि नळाच्या ओट्यावर प्रत्येक फेरीची एक रेघ ओढायला लागले.

"आता उलट्या अंगाने फिरा," ते म्हणाले.

हौसामावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "उलटी फुगडी खेळत नसत्यात सायेब."

"एकदाच, हौसाबाई. विज्ञानासाठी."

"विज्ञानाच्या बापाचा पाय मोडंल," ती म्हणाली, पण तिने माझे हात धरले. उलटं फिरताना सगळ्यांचीच तारांबळ. पाय अडकतात, शेजारणीच्या बांगड्या फुटतात. सर गर्दीत शिरले, हेलपाटले, आणि बाहेर पडले ते थेट स्कूटरवर. स्कूटर आडवी झाली. सर तिच्याकडे बघायलाही थांबले नाहीत. धावत, हो, धावत ओट्यापाशी गेले आणि दुसऱ्या बाजूला रेघ ओढली.

मग त्यांना थांबता येईना. बायकांना नुसतंच खेटून उभं राहायला सांगितलं. सर धक्के खात, रखडत गेले, पण पाटाशीच पोचले. जोड्या लांब लांब लावून फिरायला सांगितल्या. सर मधल्या जागांतून सुळकन निघाले आणि पुन्हा पाटाशीच. म्हणजे नुसती गर्दी असून भागत नव्हतं, नुसतं फिरूनही भागत नव्हतं. दोन्ही हवं होतं. माझ्या रकान्यातही अगदी तसंच होतं. दाट प्लाझ्मा आणि जोरदार फील्ड एकत्र आले, तरच तो आडवा आकडा यायचा. एवढं माझ्या लक्षात आलं आणि मी तिथेच मातीत बसले. तोवर गणिताच्या प्रमुखांच्या पत्नीही घेरी येऊन बसल्या होत्या, हत्तीच्या पाटावर. अर्धा हत्ती त्यांच्या साडीला लागला. वसाहतीत त्या संध्याकाळी सरळ चालणारी एकही बाई उरली नव्हती.

"अहो, आता तरी ओळखा," काकूंनी डबा हिसकावून घेतला. "काय आहे आत?"

"माहिती अपुरी आहे," सर धापा टाकत म्हणाले.

आत बेसनाचे लाडू होते. सहा फेऱ्यांनंतर त्यांचं पीठ झालं होतं. ते आम्ही चमच्याने खाल्लं.

सर आणि मी पायरीवर बसलो होतो. त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. मी त्यांना म्हटलं की संगणकात मी एक गोष्ट करू शकते. गर्दीतल्या सगळ्या कणांना फील्ड लावायचं, पण घुसणाऱ्या त्या एकाच कणाला लावायचं नाही. त्याला जणू फील्ड आहे हे माहीतच नाही. मग तो स्वतःहून वळण्याचा प्रश्न नाही, वजाबाकी नाही, वजाबाकीतली चूक नाही. तरीही तो आडवा गेला, तर तो गर्दीने ढकलला म्हणूनच.

सरांनी चमचा चाटून वाटीत ठेवला.

"मैदानावर झालं म्हणून संगणकात होईल असं नाही," ते म्हणाले. "बायका म्हणजे प्लाझ्मा नव्हे."

"हो सर."

"पण हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं. किती वेळ लागेल?"

"आत्ता लावलं तर मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास संपेल. दोन्ही दिशांचं फील्ड घेऊन."

"समिती अकराला."

"हो."

"म्हणजे पुन्हा तपासायला वेळ नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर तीच काचेखालच्या पत्राची भीती होती, आणि तिच्याशेजारी भलतंच काहीतरी, एखाद्या मुलाने गच्चीच्या कठड्यावरून खाली बघावं तसं. "जा, लाव," ते म्हणाले. मी पळत सुटले.

संगणक चालू करून घरी, म्हणजे खोलीवर आले, झोपले, आणि सकाळी उठल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आज खंडेनवमी आहे. खंडेनवमीला आमच्या विभागात हौसामावशी सगळी यंत्रं बंद करायची. मेन स्विच खाली, प्रत्येक यंत्र पुसायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ, आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्यांना विश्रांती. विभागप्रमुख आले-गेले, हा नियम राहिला. गेल्या वर्षीच्या अक्षता अजून एका संगणकाच्या फ्लॉपीच्या खाचेत होत्या.

मी तोंडही न धुता विभागाकडे धावले. हौसामावशी हातात झेंडूची परडी घेऊन मेन स्विचखाली उभी होती आणि दुसरा हात वर गेलेला होता.

"मावशी, नको," मी म्हटलं. "बंद केलंत तर मी मेले."

मी तिला सांगितलं की आत वीस हजार कण फिरतायत आणि मधून एक जण चाललाय. तो कुठे निघतो ते मंगळवारी कळणार. आत्ता बंद केलं तर त्याला पहिल्यापासून चालावं लागेल, आणि तेवढे दिवस माझ्याकडे नाहीत.

तिने हात खाली घेतला. "म्हंजे कालच्यावानी? सायेब चालल्याले तसं?"

"अगदी तसंच."

"आन् बाया फिरायल्या हायत आत?"

"फिरतायत."

तिने थोडा विचार केला. मला त्या विचारात तिची तीस वर्षांची खंडेनवमी दिसत होती. मग ती म्हणाली, "गाईची पूजा करताना गाय काय निजवून ठिवत्यात व्हय? चालू ऱ्हाऊ दे. चालत्याचीच पूजा करू." आणि तिने चालत्या पाचही संगणकांना हळदकुंकू लावलं, माळा घातल्या. पाणी शिंपडायला घेतलं तेव्हा मात्र मी तिचा हात धरला. बाकी विभागातली झाडून सगळी यंत्रं दोन दिवस गप्प बसली होती. फक्त त्या एका खोलीतून पंख्यांची घरघर येत होती आणि झेंडूच्या पाकळ्या त्या वाऱ्याने थरथरत होत्या.

ते दोन दिवस मी कसे काढले मला माहीत नाही. दसऱ्याला सरांना सोनं द्यायला गेले तर ते दारातच म्हणाले, "काही विचारू नकोस, मी तुला काही विचारत नाही." मग आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसून काहीच विचारलं नाही आणि काकूंनी केलेल्या बासुंदीच्या चार वाट्या संपवल्या.

मंगळवारी दहाला पाच कमी असताना पंख्यांचा आवाज उतरला. मी, सर आणि हौसामावशी. पडद्यावर एक फाइल आली होती. ती उघडायला एक बटण दाबायचं होतं.

"थांब," सर म्हणाले. "उघडू नकोस."

मी मागे वळून बघितलं. सरांनी डोळे मिटले होते.

"मी ओळखतो," ते म्हणाले.

"माहिती अपुरी आहे सर."

"आहेच. म्हणून तर ओळखायचं." त्यांनी कानामागची पेन्सिल काढून मुठीत धरली. "शून्य नाही. मंदावतो त्याच्या दहावा हिस्सा आडवा. आणि फील्ड उलटं केलं की चिन्ह उलटं."

मी बटण दाबलं. आडवा आकडा शून्य नव्हता. दहावा हिस्सा नव्हता, अकरावा होता. खाली उलट्या फील्डचा आकडा होता, जवळपास तेवढाच, पुढे उणे चिन्ह.

मला आनंदाने रडू आलं. मी हौसामावशीचे हात धरले आणि आम्ही दोघी टेबल आणि कपाटाच्या मधल्या तीन फुटांत फुगडी घातली. सर "वायर, वायर सांभाळा," म्हणत भिंतीला चिकटले, पण तेही हसत होते. मग त्यांनी माझा जुना तक्ता घेतला, खोडरबर घेतलं आणि दुसऱ्या रकान्यावरची फुली वरपासून खालपर्यंत खोडली. खोडलेली खूण राहिलीच.

अकरा वाजता समिती बसली. आमचे प्रमुख, गणिताचे प्रमुख आणि मधोमध डॉ. इनामदार. साठीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला साखळी. मी पहिला रकाना सांगितला, त्या ऐकत होत्या. दुसऱ्याशी पोचले तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"चार्ज फील्डमध्ये वळणारच," त्या म्हणाल्या. "वजाबाकी तपासलीत?"

"वजाबाकीच नाही मॅडम." मी दुसरा कागद पुढे केला आणि सांगितलं, फक्त त्या एका कणाला फील्ड लावलेलं नाही. त्यांनी कागद उचलला, डोळ्यांशी नेला, दोनदा उलटसुलट केला. माझं मन तेवढ्यात गडहिंग्लजला जाऊन परत आलं.

"हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या एकाच कणाचं फील्ड काढून घ्यायचं, हे सुचलं कसं? कुठे वाचलंत?"

मी सरांकडे बघितलं. वाचलं म्हणून सांगता आलं असतं, कुणी शोधायला गेलं नसतं. गणिताचे प्रमुख समोर बसले होते, त्यांच्या घरी अर्ध्या हत्तीची साडी होती, आणि त्यांना हसू दाबता येत नव्हतं. एकदा सभागृहभर हसू झालेल्या माणसाला हे किती जड जाईल ते मला कळत होतं.

सर उभे राहिले. "भोंडल्यात सुचलं," ते म्हणाले. "हिला. मी खिरापतीचा डबा घेऊन फुगड्यांमधून सरळ चाललो होतो, तर नळाशी निघालो. सहा फेऱ्या केल्या. त्याआधी हा रकाना मीच काढून टाकायला सांगितला होता. ते माझं चुकलं."

दोघे प्रमुख खो खो हसले. सर बसले नाहीत, मान खाली घातली नाही. इनामदार मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि चष्मा काढून साखळीवर सोडला.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

"काय मॅडम?"

"फुगड्या. मला नीट बघायचंय. टेबल भिंतीला लावा."

टेबल भिंतीला गेलं. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या हौसामावशीला सरांनी थांबवून घेतलं. प्रमुखांनी एकमेकांचे हात धरले, ते दोघे आधी कधी एकमेकांशी नीट बोलतही नसत. मला काकूंनी पेढे देऊन पाठवलेल्या शेजारच्या मुलीसोबत उभं केलं. इनामदार मॅडमनी पदर कमरेला खोचला, हौसामावशीपुढे हात फुलीत धरले आणि सरांकडे वळून विचारलं, "आधी कुठल्या अंगाने?"

माझ्या नोंदणीच्या कागदावर त्यांची सही आहे. त्यांनी ती चौथ्या फेरीनंतर लगेच, एका हाताने टेबल धरून केली. ठरलेल्या चौकटीत ती मावलेली नाही, अर्धीअधिक चौकटीबाहेर आहे. तो कागद घेऊन मी घाबरत सरांकडे गेले आणि विचारलं की ही चालेल का.

सरांनी चष्मा वर करून सही बघितली. "डावीकडे गेलीय ना?" ते म्हणाले. "मग बरोबर आहे."